कडी टिकली, पत्रा वाकला: मालवाहू जहाजाच्या लष्करी रूपांतरातले सोलापूरचे एक काम

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा कारखाना बावीस माणसांचा. वर्षाचे काम साखर कारखान्यांच्या हंगामाला बांधलेले: केन कॅरिअरच्या (ऊस गाळपाकडे वाहून नेणाऱ्या यंत्राच्या) साखळ्या, त्यांच्या लिंका आणि पिना, उसाच्या ट्रेलरचे हूक. गळीत आटोपले की मार्चपासून भट्टी निम्मी रिकामी. अशाच एका मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावरच्या एका जहाजदुरुस्ती यार्डाची विचारणा आली. मालवाहू जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या पोटात, वेल्ड करून बसवायच्या डी-कड्या, म्हणजे साखळी अडकवायच्या डी आकाराच्या कड्या, हव्या होत्या. एकूण २६० नग: ३६ टन तुटभाराच्या (ज्या ओढीला कडी तुटते तो भार) १६४ मोठ्या आणि २० टनांच्या ९६ लहान. फोर्जिंग कोल्हापूरकडून करून घ्यायचे. हीट ट्रीटमेंट, मशीनिंग, सॅडल (कडी धरणारी, पत्र्याला वेल्ड होणारी बैठक) आणि तपासणी सोलापुरात, असा हिशेब बसला. ओढ सोसणारे पोलाद हा इथला रोजचाच विषय, त्यामुळे कड्यांची धास्ती कोणाला नव्हती. आणि कडी हा प्रश्न शेवटपर्यंत झालाही नाही.

जहाज साधारण १२,००० टन वहनक्षमतेचे, जुने, सर्वसाधारण मालाचे. दोन होल्ड, ट्वीन डेकसाठी, म्हणजे होल्डमधल्या मधल्या मजल्यासाठी, सुटे पाँटून (उचलून ठेवायचे पोलादी फलाट), आणि स्वतःच्या ४० टनी दोन क्रेन. लष्करी वाहनांच्या वाहतुकीसाठी ते भाड्याने देता यावे, अशी मालकाची इच्छा. यादीतले सर्वांत जड वाहन टी-९० वर्गाचा रणगाडा, ४६.५ टन. त्याखालोखाल १४.३ टनांची बीएमपी-२ ही ट्रॅकवरची चिलखती गाडी, मग ट्रक आणि जिप्सी.

पोती, कॉइल, लाकूड हा माल होल्डमध्ये एकमेकांना टेकून उभा राहतो. वाहनाचे तसे नसते. ते चाकांवर किंवा ट्रॅकवर उभे, खाली स्प्रिंग, भोवती मोकळी जागा. जहाज डोलू लागले की त्याला धरून ठेवते ती साखळी आणि थोडेफार घर्षण. हे घर्षणही फसवे असते: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या माल बांधणी संहितेत कोरड्या पोलादावर पोलाद असेल तर घर्षणाचा गुणांक ०.१ धरतात, ओले असेल तर शून्य. मध्ये लाकूड किंवा रबर घातले की ०.३ मिळतो. म्हणून ट्रॅकखाली फळ्या घालायच्या, याबद्दल या कामात सुरुवातीपासून वाद नव्हता.

त्याच संहितेत साखळ्यांचा ढोबळ नियम आहे. वाहनाच्या प्रत्येक बाजूच्या साखळ्यांचा एकूण कमाल बांधणी भार (बांधणीत साखळीवर येऊ द्यायचा जास्तीत जास्त भार) वाहनाच्या वजनाइतका भरला पाहिजे. ४६.५ टन म्हणजे सुमारे ४५६ किलोन्यूटन. १६ मिमी ग्रेड ८० साखळीचा तुटभार साधारण ३२० किलोन्यूटन, बांधणी भार त्याच्या निम्मा, म्हणजे १६०. तीन साखळ्यांत काम भागते. इथे बाजूला चार धरल्या. कारण डेकशी ६० अंशांपेक्षा उभी गेलेली साखळी सरकणे रोखायच्या हिशेबात धरत नाहीत, आणि रणगाड्याचे हूक आपल्या सोयीच्या जागी नसतात. साखळी १६० ची, तर कडी १८० किलोन्यूटन बांधणी भाराची, म्हणजे ३६ टन तुटभाराची. इथवरचे गणित यार्डाने पाठवलेल्या कागदावर बरोबर होते.

जहाजाला उतार (वाहने आत-बाहेर चालवायचा रॅम्प) का लावला नाही, हा प्रश्न साहजिक आहे. लष्कराच्या दृष्टीने वाहन स्वतःच्या चाकांवर आत-बाहेर करणारे जहाज केव्हाही सरस. अमेरिकेने १९८० च्या दशकात ३३ नॉट वेगाची आठ एसएल-७ कंटेनर जहाजे घेऊन त्यांत उतार, बाजूचे दरवाजे आणि वाहनांचे डेक बसवले. पण ते काम म्हणजे जहाजाचे पोट फाडून पुन्हा शिवण्यासारखे असते. दुसऱ्या टोकाला १९८२ च्या फॉकलंड युद्धातले ब्रिटिश ‘अटलांटिक कन्व्हेअर’: हे व्यापारी जहाज घाईने बदलून त्यावरून हॅरिअर विमाने आणि हेलिकॉप्टर नेली, आणि २५ मे रोजी त्याला एक्झोसेट क्षेपणास्त्रे लागली. आमच्या प्रकरणातल्या मालकाने मधला मार्ग घेतला. उतार नाही, दोन क्रेन जोडून स्प्रेडर बीमने वाहन उचलायचे आणि होल्डच्या तळावर ठेवायचे. खर्चाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. त्यामुळे रूपांतराचा सगळा भार अखेर त्या २६० कड्यांवर आला, हे मात्र तेव्हा कोणी मोठ्याने म्हटले नाही.

अडचण

होल्डचा तळ, म्हणजे टँक टॉप, १४ मिमी पत्र्याचा होता. त्याखाली डबल बॉटम. त्यातल्या आडव्या भिंती, ज्यांना जहाजवाले फ्लोअर म्हणतात, दर २.१ मीटरवर, आणि लांबीच्या दिशेने जाणारे लाँजिट्युडिनल दर ७०० मिमीवर. टँक टॉपची मान्य क्षमता चौरस मीटरला १५ टन. रणगाड्याच्या ट्रॅकखालचा दाब साधारण ९ टनांच्या घरात येतो. तेव्हा वरून खाली येणाऱ्या भाराची चिंता नव्हती, आणि सगळ्यांचे समाधान तिथेच झाले. कडी मात्र पत्र्याला खालून वर ओढते. १५ टन प्रति चौरस मीटर हा आकडा त्या ओढीबद्दल काहीही सांगत नाही.

यार्डाच्या ड्रॉइंगमध्ये कड्यांची जाळी लांबीत २.५ मीटर आणि रुंदीत ३ मीटरवर आखलेली. हे आकडे कुठून आले ते ओळखायला अवघड नव्हते. रो-रो, म्हणजे वाहने स्वतःच्या चाकांवर आत-बाहेर करणाऱ्या, जहाजांवर रस्त्यावरची वाहने बांधण्यासाठी सागरी संघटनेचा ए.५८१(१४) हा ठराव आहे. त्यात बांधणीच्या जागा लांबीत २.५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत आणि रुंदीत २.८ ते ३ मीटरवर असाव्यात असे म्हटले आहे. ड्रॉइंग करणाऱ्याने दोन्हींतला मोठा आकडा उचलला. रो-रो जहाजात हे चालून जाते, कारण तिथे डेकची चौकट मुळातच या जाळीला जुळवून बांधलेली असते. इथे चौकट आधीची होती. २.५ आणि २.१ चा मेळ ५२.५ मीटरवर बसतो. होल्ड होता ३६ मीटर लांब. म्हणजे पहिली रांग फ्लोअरवर धरली तर पुढची एकही रांग फ्लोअरवर येत नाही. रुंदीतही तेच: मध्यरेषा सोडली तर ३ मीटर आणि ७०० मिमी पुन्हा २१ मीटरवर भेटतात, आणि होल्डची रुंदी १६.८. कागदावर पाच मिनिटांचा गुणाकार होता. तो कोणी केला नाही, कारण खालच्या सांगाड्याचे ड्रॉइंग सोलापूरला पाठवलेच नव्हते आणि सोलापूरनेही मागितले नव्हते.

सोलापुरातल्या चाचण्या उत्तम झाल्या. कडी ३८ मिमी व्यासाची, ईएन-१९ पोलादाची, क्वेंच-टेंपर करून कठीणपणा २४८ ते ३०२ ब्रिनेलमध्ये. सॅडल २० मिमी, वेल्ड होणाऱ्या ई-३५० पत्र्याचे. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या १०० टनी यंत्रावर तीन नमुने तोडले. तिन्ही ३६ टनांच्या बरेच पुढे गेले. फक्त नमुने वेल्ड केले होते ६० मिमी जाडीच्या ठोकळ्यावर. चाचणी कडीची होती, त्यामुळे ठोकळा जाड घेणे चुकीचे नव्हते. चूक पुढे झाली: त्या अहवालावर ‘डी-कडी संच, बसवलेल्या स्थितीत’ असे शीर्षक पडले, आणि यार्डात तो अहवाल पत्र्यासकट सगळ्या जोडणीचा म्हणून वाचला गेला.

जून उजाडता यार्डात पहिल्या बारा कड्या २५० × २५० × १६ मिमी डब्लर प्लेटवर (मूळ पत्र्यावर वेल्ड केलेल्या जादा पत्र्यावर) बसवल्या. सव्वापट भाराची, म्हणजे २२.५ टनांची चाचणी हायड्रॉलिक जॅक आणि चौपायी फ्रेम लावून घेतली. बाराही पास. सोलापूरहून देखरेखीला गेलेल्या फोरमनचे लक्ष दाबमापकापेक्षा पत्र्याकडे होते. दोन कड्यांभोवती ताज्या प्राइमरला बारीक, जवळजवळ गोल चिरा गेल्या होत्या. रंगाला चीर जाते तेव्हा खालचे पोलाद ताणलेले असते; केन कॅरिअरचे हेडशाफ्ट तपासताना ही खूण इथल्या माणसांच्या डोळ्यांत बसलेली असते.

मग फ्रेम मोजली. तिचे पाय कडीपासून २०० मिमीवर होते. जॅक कडीला जेवढे वर ओढतो तेवढेच ते पाय पत्र्याला खाली दाबतात, आणि तेही वितीभर अंतरावर. त्यामुळे वेल्डची परीक्षा होते, पण ७०० × २१०० मिमीच्या त्या चौकटीला खरा वाक बसतच नाही. फोरमनने मागितले ते साधे होते: फ्लोअरपासून फ्लोअरपर्यंत पोचणारा २.१ मीटर लांबीचा आय-बीम, पाय बरोबर फ्लोअरवर. त्या बीमवर तीच कडी ओढली तेव्हा १८ टनांना पत्रा ९ मिमी उचलला गेला, आणि भार सोडल्यावर ४ मिमी तसाच राहिला. ढोबळ हिशेबही हेच सांगतो. २३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर क्षमतेचा १४ मिमी पत्रा, चौकटीच्या मधोमध उभी बिंदुओढ घेतली तर साधारण साडेचौदा टनांना हात टेकतो. कडीचा बांधणी भार १८.

पर्याय

पहिला विचार, जो अशा वेळी हमखास येतो, तो कड्यांचा दर्जा कमी लिहिण्याचा. १८ टनांऐवजी १० टन लिहायचे आणि साखळ्या वाढवायच्या. पण १०० किलोन्यूटनच्या हिशेबाने रणगाड्याच्या एका बाजूला पाच साखळ्या येतात, आणि हूक बाजूला दोनच. शिवाय होल्डमध्ये ३६ टनी दिसणारी कडी असेल तर काही वर्षांनी कोणीतरी तिच्यात १६ मिमी साखळी अडकवणारच. हा पर्याय अर्ध्या तासात बाजूला पडला.

यार्डाचा कल जाड डब्लरकडे होता: १६ ऐवजी २५ मिमी, आकार मोठा. इथे सोलापूरवाल्यांनीही आधी मान डोलावली होती. वर्गीकरण संस्थेच्या (जहाजाची बांधणी तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरने तो साफ नाकारला आणि त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. डब्लर फक्त कडेने वेल्ड होतो. मधला भाग खालच्या पत्र्याला चिकटलेला नसतो. दाब आला तर तो उपयोगी. वर ओढ आली की सगळा भार कडेच्या फिलेटवर (कोपऱ्यातल्या वेल्डवर) जातो, तिथून पत्र्याला सोलल्यासारखा ताण बसतो. डब्लर मोठा केल्याने चौकटीचा वाक थोडा कमी झाला असता, पण सोलणे तसेच राहिले असते.

तिसरा पर्याय पत्र्याखाली आधार देण्याचा: टाकीत उतरून प्रत्येक कडीखाली कार्लिंग (आधाराची छोटी तुळई) किंवा ब्रॅकेट. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण १६४ जागा, त्यांतल्या बहुतेक बलास्ट टाक्यांत (तोल राखायला समुद्राचे पाणी भरायच्या टाक्यांत), काही इंधनाच्या टाकीवर. बलास्ट टाकी रिकामी करून हवा खेळवली की काम करता येते. इंधनाची टाकी धुऊन, गॅसमुक्त असल्याचा दाखला घेऊनच ठिणगी पाडता येते. त्यात किती दिवस जातील याचा अंदाज यार्डातला कोणी लेखी द्यायला तयार नव्हता. रिसेस पॉट, म्हणजे पत्र्यात भोक पाडून खोलगट सॉकेट बसवणे, याचाही विषय निघाला. त्याने तळ सपाट राहिला असता, पण प्रत्येक भोक टाकीचे छत फोडते आणि नंतर सगळ्या टाक्यांची जलरोध चाचणी करावी लागते.

चौथा पर्याय कागदावर आधीपासून होता, फक्त तिकडे कोणी पाहिले नव्हते. ठरावात २.५ मीटर ही कमाल मर्यादा आहे, २.१ चालते. रुंदीत २.८ ते ३ मीटर. आणि चार लाँजिट्युडिनल म्हणजे बरोबर २.८. जाळी २.१ × २.८ केली की जवळजवळ प्रत्येक कडी फ्लोअर आणि लाँजिट्युडिनलच्या छेदावर येते. १६.८ मीटर रुंदीत ५.६ मीटरच्या तीन ओळी बसतात, रणगाड्याची रुंदी ३.७८ मीटर. लांबीत तोफ पुढे धरून रणगाडा ९.५३ मीटर, त्याला पाच घरे म्हणजे १०.५ मीटर. तीन रांगा, नऊ रणगाडे. जुन्या जाळीत ६ मीटरच्या ओळी दोनच बसत होत्या आणि उरलेली पट्टी हलक्या वाहनांना होती. मात्र जुन्या आखणीत होल्डच्या टोकाला ६ मीटर मोकळे राहत, नव्या आखणीत साडेचार. जिप्सी त्यात उभी राहते, पण ती बांधायला माणसाला जागा उरत नाही. दर होल्डमागे हलक्या गाड्यांची ती एक रांग गेली. यार्डातल्या नियोजनवाल्यांना ती बरेच दिवस सलत होती.

काय केले

जाळी हलवायची आणि जिथे हलवता येत नाही तिथेच खालून ब्रॅकेट द्यायचे, असे ठरले. १६४ पैकी १४८ जागा छेदावर आल्या. १६ अडल्या: काही बिल्ज वेलच्या (होल्डमधले पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याच्या) कोपऱ्यात, काही टाकीच्या मॅनहोल झाकणाशेजारी, जिथे कडी बसवली तर झाकणाचे बोल्ट काढता येणार नाहीत. या १६ मधल्या सहा इंधन टाकीवर होत्या. सहा कड्यांसाठी ती टाकी धुवायची का, यावर एक दिवस खल झाला आणि त्या सहा जागा रद्द केल्या. टोकाच्या त्या जागांवर रणगाडा उभा करायचा नाही असे बांधणी पुस्तिकेत लिहिले. उरलेल्या दहांखाली ब्रॅकेट गेले.

फ्लोअर पत्र्याच्या खाली असतो, दिसत नाही. जागा शोधायला अल्ट्रासोनिक जाडीमापक आणि हातोडा दोन्ही वापरले. ठोकताना आवाज बदलतो तिथे खूण. ड्रॉइंगप्रमाणे मोजलेल्या खुणा आणि प्रत्यक्ष फ्लोअर यांत काही ठिकाणी ३० मिमीपर्यंत फरक निघाला. जुन्या जहाजात हे होतेच. सॅडलचे दोन पाय फ्लोअरच्या रेषेत यायला हवेत, तिरपे नव्हे, म्हणून सोलापुरात पातळ पत्र्याचे टेंप्लेट कापून पाठवले आणि फिटरच्या हातात रेघ देण्यापेक्षा टेंप्लेट दिले.

डब्लर काढल्याने सॅडल थेट टँक टॉपवर आले. फिलेट ८ मिमी, कंठ (वेल्डची भार घेणारी जाडी) ५.६ मिमी, वेल्डची लांबी ४८० मिमी; १८० किलोन्यूटनला ताण सुमारे ६७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो, म्हणजे वेल्डला भरपूर वाव. तरीही पहिल्या खेपेला वेल्डनेच त्रास दिला. कारणे दोन. पहिल्या ४० सॅडल सवयीप्रमाणे गॅल्व्हनाइज करून पाठवल्या होत्या. जस्तावर वेल्ड मारला की सच्छिद्र होतो आणि बंद होल्डमध्ये जस्ताचा धूर माणसाला ताप आणतो. त्या चाळीसही ग्राइंडरने कडेपासून ५० मिमी उघड्या कराव्या लागल्या. पुढच्या लॉटला वेल्डची पट्टी सोडून झिंक प्राइमर लावला.

दुसरे कारण हवा. सोलापुरात मे महिन्यात ७०१८ या लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉडचे पाकीट दुपारभर उघडे राहिले तरी फारसे बिघडत नाही. हवेत पाणीच नसते. त्याच सवयीचे वेल्डर जूनच्या कोकणात गेले. लो-हायड्रोजन रॉड ओल धरतो, हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, आणि हेअर क्रॅक दुसऱ्या दिवशी उघडतो. म्हणून चुंबकीय कण तपासणी वेल्ड गार झाल्या झाल्या घेऊन भागत नाही. इथे ती ४८ तासांनी घेतली आणि पहिल्या ६० मध्ये ११ वेल्डांना चिरा निघाल्या. त्या गाऊजिंग करून, म्हणजे वेल्ड कोरून, काढल्या. नंतर रॉड ३५० अंशांवर दोन तास भाजणे, कामाच्या जागी गरम डब्यात ठेवणे, बाहेर काढलेला रॉड चार तासांत संपवणे, आणि पत्रा टॉर्चने कोरडा करूनच आर्क मारणे, एवढे पाळल्यावर चिरा थांबल्या.

एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. वर वेल्ड झाला की खाली टाकीतला इपॉक्सी थर जळतो. प्रत्येक कडीखाली तळहाताएवढा काळा डाग. बलास्टच्या खाऱ्या पाण्यात तिथूनच गंज सुरू होतो. म्हणजे जाळी हलवून टाकीत उतरणे वाचवले असे वाटत होते, तरी रंग दुरुस्तीसाठी उतरावे लागलेच. फक्त वेल्डिंगऐवजी ब्रश घेऊन.

ट्वीन डेकच्या ९६ लहान कड्यांची कथा छोटी पण जास्त धोक्याची. पाँटूनची क्षमता चौरस मीटरला साडेतीन टन. बीएमपीच्या ट्रॅकखाली दाब साडेसहाच्या आसपास, त्यामुळे भार पसरायला जाड फळ्या आडव्या टाकणे भाग होते. ते सगळ्यांना माहीत होते. पाँटून नुसते कडांवर ठेवलेले असतात आणि ते वर उचलले जाऊ नयेत म्हणून काही लावलेले नाही, हे सर्व्हेअरने विचारल्यावर समजले. वाहन पाँटूनला बांधले आणि पाँटून जहाजाला नाही, तर जोरदार डोलताना दोन्ही एकत्र सरकायला मोकळे. सोलापुरातूनच प्रत्येक पाँटूनला चार याप्रमाणे हूक-लॉक करून पाठवले. हे मूळ ऑर्डरमध्ये नव्हते.

बीएमपी वरच्या डेकवर ठेवण्याला आणखी एक कारण होते. नऊ रणगाडे मिळून सुमारे ४१८ टन. १२,००० टनी जहाजाला हे काहीच नाही, आणि सगळे वजन तळाशी. जहाज फार ताठ होते, झटक्याने डोलते, आणि साखळ्यांवरचा ताण वाढतो. संहितेत जहाजाची रुंदी आणि मेटासेंट्रिक उंची (जहाज किती ताठ आहे याचे माप) यांचे गुणोत्तर १३ पेक्षा खाली गेले की आडव्या त्वरणाला वाढीव गुणक लावतात. बाजूला वजनाइतक्या बांधणी भाराचा ढोबळ नियम ही गोष्ट पाहतच नाही. म्हणून शेवटचा हिशेब सविस्तर पद्धतीने केला आणि वरच्या बाजूच्या टाक्यांत बलास्ट धरून मेटासेंट्रिक उंची खाली आणली. हे काम यार्डाच्या नेव्हल आर्किटेक्टचे. सोलापूरचा त्यात हात नव्हता. पण चौथी साखळी काढून टाकायची का, या प्रश्नाचे ‘नको’ हे उत्तर त्याच हिशेबातून आले.

निष्पत्ती

१५८ मोठ्या आणि ९६ लहान कड्या बसल्या. दहांतली एक याप्रमाणे १६ मोठ्या कड्यांची लांब बीमवर सव्वापट भाराने चाचणी झाली. एकाही ठिकाणी कायमचा वाक अर्ध्या मिलिमीटरवर गेला नाही. ज्या बारा कड्या आधी बसवल्या होत्या त्या कापून काढल्या, आणि वाकलेल्या दोन चौकटींत पत्र्याचा तुकडा बदलला. काम ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा संपले.

कारखान्याच्या वहीत मात्र हे काम नफ्यात दिसत नाही. दर कडीमागे ठरला होता. टेंप्लेट, हूक-लॉक, सॅडलचे पुन्हा ग्राइंडिंग, फोरमनचे किनाऱ्यावरचे सहा आठवडे, यांतले फक्त हूक-लॉकचे बिल निघाले. अहवालाच्या शीर्षकावरून पत्रव्यवहारही झाला. ‘बसवलेल्या स्थितीत’ हे शब्द सोलापूरचेच होते, त्यामुळे भांडायला जागा नव्हती.

वेगळे काय करता आले असते

मार्चमध्ये, दर देण्याआधी, एक प्रश्न विचारायला हवा होता: कडीच्या खाली काय आहे? टँक टॉपचे ड्रॉइंग गोपनीय म्हणून मिळाले नसते, असे नंतर यार्डाने सांगितले. पण लष्करी वाहनांचे तपशील न देताही फ्रेमचे अंतर आणि पत्र्याची जाडी हे दोन आकडे देता आले असते. तेवढ्यावर जाळीची विसंगती मार्चमध्येच दिसली असती.

नमुना तोडताना तीनपैकी एक तरी १४ मिमी पत्र्यावर, ७०० मिमीच्या चौकटीत वेल्ड करून तोडायला हवा होता. चौकट सोलापुरात दोन दिवसांत उभी राहिली असती. जुने आय-बीम कारखान्याच्या आवारातच पडून होते. महाविद्यालयाच्या यंत्रात एवढी चौकट बसली नसती हे खरे, पण जॅक आणि लांब बीमने ती आवारातही ओढता आली असती.

चाचणीच्या अहवालात आता कारखाना एक रकाना वेगळा ठेवतो: नमुना कशावर वेल्ड केला, त्याची जाडी, आणि ओढीचा प्रतिभार किती अंतरावर टेकला. उशिरा सुचलेले शहाणपण आहे, पण ट्रेलर हूकच्या कामातही ते उपयोगी पडत आहे. चेसिसच्या पातळ चॅनेलवर जाड हूक लावून देण्याच्या तक्रारी तिथेही होत्याच.

यार्डाच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी. पहिल्या बारा कड्या सलग न बसवता दोनच बसवून लांब बीमवर तपासल्या असत्या तर दहा कापाव्या लागल्या नसत्या. आणि बसवण्याचे काम जूनमध्ये घ्यायला नको होते. होल्डवरची झाकणे पावसात उघडी ठेवता येत नाहीत, बंद ठेवली तर धूर कोंडतो. एप्रिलमध्ये सोलापूरचा पहिला लॉट तयार होता. तो यार्डाच्या गोदामात महिनाभर पडून राहिला, कारण कोणत्या होल्डमध्ये किती रणगाडे न्यायचे हेच तोवर ठरलेले नव्हते.

इंधन टाकीवरच्या सहा जागांबाबत आजही दोन मते आहेत. जहाज पुढच्या वेळी ड्रायडॉकला जाईल तेव्हा ती टाकी तशीही धुतली जाणार आहे. तेव्हा खालून ब्रॅकेट देता येतील, म्हणून १५९ ते १६४ क्रमांकाच्या कड्या सॅडलसह, वेल्डची पट्टी उघडी ठेवून आणि तेल लावून, सोलापुरात पेटीत ठेवल्या आहेत.